भरतीच्या वेळी पुढे केलेला हात

चिंचवडच्या एका लहानशा वर्कशॉपात लेथवर काम करताना माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली. चूक माझीच होती, घाई केली होती. पण राग धरला तो देवावर. दर चतुर्थीला न चुकता मोरयाच्या दर्शनाला जाणारा मी, देवळाची वाट टाळून लांबच्या रस्त्याने घरी येऊ लागलो. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फाटकावरचे काम मिळाले, पण उजवा हात सतत खिशात. कुणी डबा धरू लागला, सायकल धरू लागला, तरी मला ते भीक घातल्यासारखे वाटे.

त्या दिवसांत पवनेच्या काठी पक्षी बघत बसण्याचा नाद लागला. एका दोस्ताने जुना घडीचा कॅमेरा दिला. त्याचे बटण उजव्या बाजूला, म्हणून मी शटरला एक तार लावून घेतली आणि तिचे टोक दातांत धरून दाबायला शिकलो. हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते. त्याचा मला फार अभिमान होता, आजही आहे.

माझी सासुरवाडी श्रीवर्धनकडची. थंडीत समुद्रावर परमुलखातले पक्षी उतरतात हे पत्नीकडून ऐकले आणि पौषात आम्ही दोघे एसटीने तिकडे गेलो. हरिहरेश्वराला ती दर्शनाला आत गेली. मी बाहेरच थांबलो. "आत नाही येत तर निदान पक्षी तरी बघा. पण पाणी चढायच्या आत वर या," एवढेच ती म्हणाली. देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या कातळांवरून जाते आणि ओहोटीलाच मोकळी असते.

खाली एका ओल्या कातळावर तुतवारांचा थवा किडे टिपत होता. चिमणीहून थोडे मोठे, काटकुळ्या पायांचे, लाट आली की मागे धावणारे, लाट सरली की पुढे. माझ्या कॅमेऱ्यात दूरचे काही येत नसे, म्हणून मी बसत, सरकत, सात-आठ हातांवर पोचलो. रिळावर शेवटचा एकच फोटो उरला होता. पक्षी उजेडाकडे तोंड करतील म्हणून तार दातांत धरून वाट बघत राहिलो. किती वेळ गेला कळले नाही. एकाएकी सारा थवा फडफडत उठला. मी दचकलो, दात आवळले गेले आणि फोटो निघून गेला. वाया गेला म्हणून पक्ष्यांवर चिडून मागे वळलो, तर मागची वाट पाण्याखाली गेलेली.

पुढच्या लाटेने कमरेपर्यंत भिजवले. कॅमेरा गळ्यात होता. डावा हात कातळाच्या भेगेत रुतवून मी कसाबसा उभा होतो. तेवढ्यात वरून हाक आली, "अवो दादा, हलू नका!" डोक्यावरची टोपली बाजूला ठेवून, कालवे-शिंपले काढणारी एक म्हातारी वरच्या कातळावर पालथी पडून हात पुढे करत होती. "हात द्या!" मी डावा हात उचलू लागलो; तो सोडला असता तर लाटेने नेले असते. "त्यो न्हवं, दुसरा द्या!" ती ओरडली. वर्षभर मी तो कुणाला दाखवला नव्हता. त्या क्षणी आतून काहीतरी सुटले. "मोरया" असा शब्द तोंडून गेला आणि मी तो हात वर केला. तिने बोटे शोधलीच नाहीत, थेट मनगट धरले आणि मला ओढून घेतले.

वर आल्यावर मी तिच्या पाया पडू लागलो. ती हसली. "माजी कोयती खाली राह्यली व्हती, म्हून फिरले. न्हाईतर आज मी कवाच घरी गेले असते."

त्याच संध्याकाळी मी पत्नीबरोबर देवळात गेलो आणि दोन्ही हात जोडले.

पुण्यात रीळ धुऊन घेतले. तो शेवटचा फोटो सगळ्यांत उजवा निघाला. पंख किंचित पुसट, खाली फुटणारी लाट, आणि सारा थवा वर झेपावलेला. मी ठरवून शंभर वेळा काढला असता तरी तसा आला नसता. कारखान्याच्या फाटकावर तो मी सगळ्यांना दाखवला, उजव्या हातात धरून.

पुढच्या थंडीत त्याची एक प्रत घेऊन त्या म्हातारीचे घर शोधले. तिने फोटो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि शेजारणीला हाक मारली, "बग गो, ह्यी माजी पाखरं! ह्यानी काडलीत, ज्येला मी वर वडला." तिच्या आवाजातला अभिमान माझ्याहून मोठा होता. देव कसा दिसतो मला ठाऊक नाही. पण आपण रिकामा, तुटका, जसा असेल तसा हात पुढे करावा, धरणारा तो धरतो, एवढे मला त्या कातळावर कळले. म्हातारीने तो फोटो आपल्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी उभा केला आणि मला म्हणाली, "बसा, पेज घ्या."