खाडीत मागं बसलेली सुनंदा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर तिचीच वाट बघत होते. ‘अजून कशी उगवली नाही ही बया,’ म्हणून चिडलेली... फोन अण्णांचा, तिच्या नवऱ्याचा होता. महिना झाला, पण राग काही उतरत नाही.

आम्ही रोज फिरणाऱ्या सहाजणी दिवाळीनंतर ठाण्याला गेलो होतो, खाडीत कयाक चालवायला. दोघींत एक होडी. मी पुढं, सुनंदा मागं, हे शाळेपासून ठरलेलं. “पुलापर्यंतच जायचं, ओहोटी लागायच्या आत परतायचं,” शिकवणाऱ्या पोरीनं बजावलं होतं. पण आम्ही पडलो नदीकाठच्या. “पाणी कुठं पळून जातंय?” म्हणत पुलाखाली फोटो काढत बसलो. आणि पाणी खरंच पळालं की! परतताना सगळी ओढ उलटी, होडी जागची हलेना, वर पुलावरनं गाड्या धडधडतायत. त्यात मागचं वल्हं वाजायचं थांबलं. मी ओरडले, “अगं मार की हात! भाकरी खाऊन आलीयास न्हवं?”

“मारतोय की,” ती म्हणाली. वल्ह्याचा आवाज मात्र नाही. मी वळायला लागले तशी म्हणाली, “मागं वळू नगंस मंगल, होडी उलटंल.”

शेवटी त्या पोरीनं दोर बांधून आम्हाला ओढत काठाला नेलं. मी सगळ्यांदेखत सुनंदाला आळशी म्हटलं. तीही हसली.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा म्हणाले, “खाडीतच कळ आलती छातीत. घरी आल्यावर मला सांगितलं. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणाली, मंगलला कळलं तर परत कुठं न्हेणार न्हाई मला.”

अगं भवाने, नसतं नेलं! रंकाळ्याला फेऱ्या मारल्या असत्या, भांडलो असतो. आणि माझा एवढा धाक होता होय तुला? आयुष्यात मी हिचं एक ऐकलं नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं. आता फिरताना दहा वेळा मागं वळून बघते. लोक विचारतात, कोण राहिलंय काय मागं...

सुनंदे, होडी उलटली असती तर उलटली असती. पोहायला आपण दोघी पंचगंगेतच शिकलोय की!