विषय क्रमांक पाच

खापरे काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका उंच जर्मन मुलाला लिफ्टजवळ उभं करून घड्याळ दाखवत होत्या. शुक्रवार होता आणि चार वाजून गेले होते. पुढच्या सभेत सायकलींच्या शेडचा विषय यावा म्हणून तो बिचारा चार जिने धावत उतरला होता. काकूंनी त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, त्याला ग्लासभर पाणी दिलं आणि हातातला कागद शांतपणे फलकावर टाचला. “नेक्स्ट सेशन, फर्स्ट आयटम, यू. टुडे, नो,” म्हणाल्या. मी सोलापूरहून येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. इथं कुणाला मराठी कळतंय, अशा भरवशावर मी पुटपुटले, “काय खडूस बाई आहे!”

“खडूस नाही, नागपूरची आहे,” काकू मागं न वळता म्हणाल्या. “तू कुठली?”

न्यू जर्सीत पिस्कॅटवे गावातल्या विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर आमचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी निवास होतं. इमारत एका ट्रस्टची, पण कारभार राहणाऱ्यांचा. चौदा देशांचे विद्यार्थी आणि त्यांनी निवडून दिलेले छत्तीस सभासद. नाव साधं ‘सदन’ असलं तरी सगळे त्याला पार्लमेंटच म्हणत. स्वयंपाकघर कुणी कधी वापरायचं, पाहुणे किती दिवस ठेवायचे, निधी कुठं खर्चायचा, हे सारं तिथं ठरे आणि ठरलं की तो इमारतीचा कायदा होई. या पार्लमेंटच्या सचिव म्हणजे खापरे काकू. पगारी माणूस तेवढाच एक. लग्नाआधी आणि नंतर मिळून सोळा वर्षं त्या नागपूरला विधानभवनात कारकून होत्या. खापरे काकांना न्यू जर्सीत नोकरी लागल्यावर इकडं आल्या आणि या इमारतीत चिकटल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

त्यांची पद्धत अशी. बुधवारी विषय समितीनं क्रम ठरवायचा. शुक्रवारी चारला कामकाजपत्रिका फलकावर. मंगळवारी सभा, आणि सभेत फक्त चर्चा. त्या दिवशी मत घ्यायचंच नाही. मतं गुरुवारी संध्याकाळी, सगळ्या विषयांची एकदम, ओळीनं. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या मिळून असलेल्या संसदेत असंच चालतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्यांना इतकं पटलं की आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी इथं ते लागू करून घेतलं. त्याआधी म्हणे फ्रिजमधल्या जागेवरून सुरू झालेली चर्चा दोन देशांच्या जुन्या युद्धापर्यंत जायची आणि तशाच तापल्या डोक्यानं हात वर व्हायचे.

“वरण चुलीवरून उतरवल्याबरोबर तोंडात टाकते का कोणी?” काकू म्हणायच्या. “मग मत काऊन टाकता?”

बोलण्याचा वेळही त्याच वाटून द्यायच्या. प्रत्येक देशाला आधी सारखी दोन मिनिटं, मग उरलेला वेळ डोक्यांच्या हिशेबानं. नेपाळचा एकच मुलगा होता, लाजरा. तो आपली दोन मिनिटं कधीच वापरत नसे. आम्ही भारतवाले संख्येनं सर्वांत जास्त आणि जिभेनंही. एकदा मी म्हटलं, “काकू, तो बोलतच नाही, त्याची मिनिटं आम्हाला द्या की.” काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “ताटातलं त्यानं खाल्लं नाही, म्हणून तू खाणार का? राहू दे तिथं. आज नाही तर उद्या बोलंन.” मग त्या मुलाची दोन मिनिटं आम्ही छत्तीस जण गप्प बसून घालवायचो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो खरंच बोलला, गरम पाण्याबद्दल, आणि आख्ख्या इमारतीचं गरम पाणी नीट झालं.

दुसऱ्या वर्षी मी उपसभापती झाले आणि विषय समितीत काकूंच्या शेजारी बसायला लागले. त्यांच्या घरीही जाणं-येणं वाढलं. खापरे काका बासष्ट वर्षांचे, हसतमुख, हृदयाच्या दुखण्यानं दोन वर्षांपासून घरी. “तुमच्या काकू माझ्या तेराव्याचीसुद्धा कामकाजपत्रिका लावतील,” ते म्हणायचे, “आणि भटजींना दोन मिनिटं देतील.” काकू आतून ओरडायच्या, “भटजींना पाच. तुमच्या भावाला दोन.” असं हसत-खेळत चालायचं, पण त्या घरात एक गोष्ट कुणी बोलत नसे. काकांच्या डॉक्टरांचं, औषधांचं, वर्षातून दोनदा होणाऱ्या दवाखान्याच्या वारीचं सगळं काकूंच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर चाले. सरकारी विमा मिळणार तो पासष्टीला. तोवर तीन वर्षं काकूंची नोकरी टिकायला हवी होती. नोकरी गेली तर औषधं गेली, इतकं ते सरळ होतं.

आणि मार्चमध्ये अनिकेतनं विषय टाकला.

अनिकेत पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, हुशार. काकूंच्या हातची झुणका-भाकरी त्यानं माझ्याइतकीच खाल्ली होती. त्यानं सभा लावणारं एक ॲप बनवलं होतं: विषय टाका, वेळ आपोआप वाटला जाईल, मत फोनवरच द्या. सचिवाचं पद रद्द करून त्या पगाराचा निधी गरजू विद्यार्थ्यांच्या भाड्याला द्यावा, असा त्याचा प्रस्ताव. प्रस्ताव वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. भाडं भरताना रडकुंडीला आलेली मुलं आमच्याच मजल्यावर होती.

बुधवारी समिती बसली. स्वतःच्या नोकरीचा प्रस्ताव काकूंनीच वाचून दाखवला, स्टेशनरीचा वाचावा तशा आवाजात. चर्चेला वेळ कोणती द्यायची? अशा नावडत्या विषयाला सभेच्या शेवटी ढकलायचं असतं, लोक कंटाळून निघून गेल्यावर. काकूंनी तो सभेच्या मध्यावर ठेवला, सगळे हजर आणि ताजेतवाने असताना. विषय क्रमांक पाच. मतदान मात्र चर्चेच्या आठवड्यातल्या गुरुवारी नको, पुढच्या गुरुवारी, कारण अनिकेत आणि त्याच्या बाजूचे नऊ जण त्या आठवड्यात मिशिगनला स्पर्धेसाठी बुधवारीच निघणार होते. “ज्याचा विषय, तो खोलीत असताना मत,” काकू म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. दहा जण नसतील त्या गुरुवारी मत झालं तर काकू सहज जिंकत होत्या. गैरहजर माणसाचं मत आमच्याकडे धरत नसत. आणि पत्रिकेची फाइल माझ्याही कॉम्प्युटरवर उघडायची. शुक्रवारी दुपारी मी ती उघडली आणि विषय क्रमांक पाचसमोरची मतदानाची तारीख एका आठवड्यानं अलीकडे आणली. चूक झाली असेल, असं कुणीही म्हटलं असतं. मंगळवारी सुरुवातीला पत्रिका मंजूर होते तेव्हा ती वाचतो कोण? एकदा मंजूर झाली की झाली. मला वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली होती.

पावणेचारला काकूंनी छापील कागद टेबलावर ठेवला, त्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि एकेक ओळ वाचत खाली सरकवायला लागल्या. हे त्या दर शुक्रवारी करत. मी मात्र ते विसरले होते. पाचव्या ओळीवर पट्टी थांबली.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“काऊन?”

“तुमच्यासाठी, काकू. काकांसाठी.”

“मग मला विचारलं काऊन नाही?”

त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि फाइल उघडून तारीख दुरुस्त केली. नवा कागद छापला. पुन्हा पहिल्या ओळीपासून पट्टी धरली. मी म्हटलं, “काकू, तुम्ही हराल.”

“हो नं. हरू शकते,” त्या वाचता वाचता म्हणाल्या. “पण मेघा, एकोणीस वर्षं ही पोरं हा कागद न वाचता मंजूर करून राहिली. काऊन? त्यांना वाटते, खापरे बाईनं लावला म्हंजे बरोबरच असंन. आता तेच वापरू का मी?” चारला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी कागद टाचला. मला म्हणाल्या, “चहा ठेव. साखर कमी टाक.”

मंगळवारी अनिकेत चांगला बोलला. काकूंबद्दल आदरानं बोलला, ॲप चालवून दाखवलं. मग मी उभी राहिले. मला चार मिनिटं होती. इन्शुरन्सचं नाव काढायचं नाही, असं काकूंनी मला बजावलं होतं. “यांची तब्येत माझ्या घरचा विषय आहे. पोस्ट ठेवायची का नाही, हा सदनाचा.” पण मी मनात ठरवूनच आले होते. ॲपला माणसाची लाज वाटत नाही, दोन मिनिटं गप्प बसणाऱ्याची वाट ॲप पाहत नाही, वगैरे सगळं बोलून झालं आणि शेवटी मी म्हटलं, “आणि आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही—”

घंटी वाजली. काकूंनी वाजवली. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या घड्याळाकडे पाहत होत्या. माझी चार मिनिटं खरोखरच संपली होती. मी खाली बसले आणि मला त्या बाईचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या बाजूच्या माणसाची घंटी वाजवणारं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दारोदार फिरले. गुरुवारी छत्तीसच्या छत्तीस हजर होते. हात वर झाले, काकूंनी मोजले. मग उलट बाजूनं पुन्हा मोजले आणि वाचून दाखवलं: बाजूनं एकोणीस, विरुद्ध सतरा, विषय क्रमांक पाच मंजूर. मी व्यासपीठावर बसून मनात गणित करत होते. एक आठवड्यापूर्वी हेच नऊ विरुद्ध सतरा झालं असतं.

“विषय क्रमांक सहा,” काकू म्हणाल्या. “वॉशिंग मशीन.”

त्या दिवशी अकरा विषय होते. अकराव्या विषयापर्यंत त्यांचा आवाज हलला नाही. सभा संपल्यावर अनिकेत समोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. “काकू, पर्सनल काही नव्हतं. रिअली.” काकू कागद गोळा करत होत्या. “माहीत आहे. पर्सनल असतं तर मी विषय घेतलाच नसता. जेवला का तू?”

नोकरी जूनअखेरपर्यंत होती आणि इन्शुरन्सही तोवरच. शुक्रवारपासूनच काकूंनी अर्ज भरायला घेतले. त्यांना गाडी चालवायला येत असे पण हायवेवर त्या जात नसत, म्हणून मी न्यायचे. साठीच्या बाईला कोण घेतो? एका दवाखान्याच्या रिसेप्शनला त्यांना बसायलाही सांगितलं नाही. एका शाळेत म्हणाले, कळवू. एका दुकानात नोकरी होती पण इन्शुरन्स नव्हता, तर काकू आभार मानून उठल्या. दर वेळी त्या गाडीत येऊन बसत, वहीत त्या जागेवर काट मारत आणि म्हणत, “चल, पुढचा पत्ता टाक.” मी एकदा न राहवून म्हटलं, “काकू, ती तारीख तशीच राहू दिली असती तर आज हे फिरणं नसतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी यांच्या गोळ्या काढते नं डबीतून, तेव्हा मलाही वाटते.” मी काकूंना खंबीर समजत होते. पण खंबीर माणसालाही रोज नव्यानं खंबीर व्हावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात मुलाखत होती. काउंटरचं काम: कुत्र्यांचे परवाने, लग्नाचे दाखले. काकू चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि गाडीत बसून सीटबेल्ट शोधायला लागल्या.

“काय विचारलं?”

“आधीची नोकरी काऊन सोडली म्हणे. म्हटलं, सोडली नाही. माझ्या पोस्टवर मतदान झालं. दोन मतांनी हरले.”

“अहो काकू! असं सांगतात का कुणी? पोझिशन एलिमिनेट झाली म्हणायचं.”

“खरं काय ते सांगितलं. मग त्या बाईनं विचारलं, मतदान बरोबर झालं होतं का? म्हटलं, अगदी बरोबर. म्हणे, तुम्हाला काय माहीत? म्हटलं, तारीख मीच लावली होती.”

“मग?”

“मग त्या बाईनं माझा अर्ज पुन्हा वाचला. अन् मग म्हणाली, एक तारखेपासून येता का?” काकू समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या. “इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे. ते मी आधी विचारून घेतलं.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडले. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“रडून घे आधी,” त्या म्हणाल्या. “मग यांना फोन लाव. मला नंबर दिसून नाही राहिला.”