बाबांची सीडी आणि आमच्या मीटिंगा

बाबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या दणदणत्या यंत्रांचं प्रेस शॉप सांभाळलं. कारखान्याने निरोपाला घड्याळ दिलं. कान त्याआधीच काढून घेतले होते. तिथे प्रेस बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने जाताना बाबांना सीडी भेट दिली होती. त्याच्या गावच्या कुणा आधुनिक संगीतकाराने ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचना. या माणसाला आमच्या देशातही फारसं कुणी ओळखत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. बाबांनी त्याचा अर्थ ‘दर्जेदार’ असा घेतला.

आई गेल्यापासून दर रविवारी मी उल्हासनगरहून आणि दादा बदलापूरच्या कात्रपहून बाबांकडे जेवायला जायचो. जेवणानंतर सीडी सक्तीची. जेवण नको पण सीडी आवर, अशी आमची गत. ढोल आणि पितळी वाद्यं कडाडली की बाबा डोळे मिटून मान हलवायचे आणि शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. मग संगीत इतकं हळू व्हायचं की बाबांना काहीच ऐकू येत नसे. पुढचे ढोल येईपर्यंत, पाचसहा मिनिटं, ते तसेच डोळे मिटून वाट बघत बसायचे.

ती आमची मीटिंगची वेळ. बाबांना एकटं ठेवणं बरं नाही, यावर आमचं एकमत होतं. ठेवायचं कुणाकडे, एवढाच प्रश्न. मला दादाचं घर हवेशीर वाटायचं, दादाला माझ्या घराजवळचे डॉक्टर आवडायचे. कानाच्या मशीनचंही तीन वर्षं ‘बघू’ चाललं होतं. खरं सांगायचं तर ते नसणंच आमच्या सोयीचं होतं.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. ढोल थांबले आणि दादा म्हणाला, “हे बघ, आमच्याकडे जमणार नाय. तुझ्याकडे पण जमणार नाय, मला माहितेय. आमच्या बदलापूरलाच एक वृद्धाश्रम बघून आलोय, बरा आहे.”

“फ्लॅट विकला की आरामात भागेल,” कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. हात वर नेऊन कानात काहीतरी नीट बसवलं. वाटाण्याएवढं मशीन.

“काल उल्हासनगरला जाऊन घेऊन आलो,” ते म्हणाले. “तुझ्या बिल्डिंगवरूनच रिक्षा गेली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा उठून त्यांच्याजवळ गेला, काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“जरा हळू बोला रे. इथे व्हायोलिनं आहेत. इतकी वर्षं मला वाटायचं, इथे काही नाहीच.”

दादा खाली बसला. त्या दिवशी आम्ही दोघांनी ती सीडी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.