चादरीबाहेरची बोटं

माझ्या पोराचे लहानपणीचे दोनच फोटो आहेत, आणि दोन्ही फोटोत माझी पोरगीही आहे. पण सांगितल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही.

झालं असं, पोरगा सात महिन्यांचा होता अन् त्याचा फोटो माहेरी धनजला पाठवायचा होता. शेलूबाजारचा फोटोवाला सायकलवर आला. ओसरीत खुर्ची मांडली, पण हे बाळ काही बसेना, कणकेच्या गोळ्यासारखं एका अंगाला कलंडे. आमच्याकडे तेव्हा यावर एक युक्ती होती. मोठ्या लेकराला खुर्चीवर बसवायचं, वरून चादर टाकायची, आणि त्याच्या मांडीवर बाळ ठेवायचं. आमची पोरगी पाच वर्षांची. आपलाही फोटो निघणार म्हणून आदल्या दिवशीच मेंदी लावून बसलेली, वेण्यांना लाल रिबिनी. मी तिलाच चादरीखाली घातलं, रिबिनींसकट. बाळाच्या कमरेला धरलेली बोटं तेवढी बाहेर.

एक फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, “रोलात एकच उरला हाय, वहिनी. पोरीचा काढू का?”

मी म्हटलं, “तिचा पाहू मंग. याचाच काढा, हासून राह्यला तवर.”

चादर काढली तर पोरगी घामानं चिंब. “आता माहा?”

“रोल सरला, बाई,” मी म्हटलं. आणि ते ‘मंग’ काही आलं नाही.

परवा ती वाशीमहून आली. तिच्या मुलीला शाळेत आईचा लहानपणीचा फोटो न्यायचा होता. फोटो ठेवायचा डबा उपसला, कागदं झटकली. नात म्हणाली, “आजी, मम्मीचा एकबी नाही?”

मी आपली भाकरी थापत राहिले. लेकच म्हणाली, “हाय ना. हे पाय, हे मेंदीवाली बोटं माही.”

“मम्मी, तू तं भूत झाली.” दोघी हसल्या. माझ्या हातातली भाकरी फाटली.

नात बाहेर गेली तसं मी म्हटलं, “बाई, तवा रोलात एक फोटो उरला होता. तो तुहा काढता आला असता, मीच याचा काढाले लावला.”

ती पदरानं फोटो पुसत होती. “मले माहीत हाय, माय. चादर डोक्यावर होती, कानात बोळे थोडीच होते.”

“मंग इतके वर्स बोलली काहून नाही?”

“तू कवा सांगतं, ते पाहून राह्यली होती,” ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपत होती ती उलटली.