आंब्याखालचे कवडसे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शैलाला, माझ्या बायकोला, सांगायचा प्रश्नच नाही — तिला ठाऊकच आहे.

ऐंशी सालची गोष्ट. मुलुंडला राहायचो, शाळेत इतिहास शिकवायचो, आणि बोलायची हौस भारी. ग्रहणाच्या आठवडाभर आधी कॉलनीच्या हॉलमध्ये भाषण ठोकलं — इटलीतल्या एका जुन्या तत्त्वज्ञावर. तारे म्हणजे लांबचे सूर्यच, त्यांच्याभोवतीही पृथ्व्या फिरत असतील, विश्वाला टोकच नाही, असं म्हणणारा माणूस. धर्मपीठाने त्याला वर्षानुवर्षं कोंडलं. शब्द मागे घे, सुटशील. त्याने घेतला नाही, म्हणून भर चौकात जिवंत जाळलं. सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. पहिल्या रांगेत शैला होती, सहावा महिना, डोळे भरलेले.

ग्रहणाच्या दुपारी रस्ते ओस पडले. गरोदर बाईने बाहेर पडायचं नाही, काही चिरायचं नाही, असं आईने बजावलेलं. ती स्वतः खिडक्या लावून देवापुढे जपाला बसलेली. मी शैलाचा हात धरला आणि मागच्या आंब्याखाली नेलं. काय सांगू तुम्हाला — पानांतून पडणारा एकेक कवडसा कोरीच्या आकाराचा झाला होता. जमिनीवर, तिच्या साडीवर, पोटावर, सूर्याच्या शेकडो कोरी. एवढं मोठं काही माझ्या अंगणात उतरेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मुलगी झाली. वरचा ओठ फाटलेला.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं, ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडतो, ग्रहणाचा संबंध नाही. मी आईला एवढंच सांगायचं होतं ना? तिने बाळंतिणीच्या खाटेपाशी उभं राहून विचारलं, ही ग्रहणात बाहेर गेली होती का? शैलाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — भाषण ठोकणारा मी — म्हणालो, "मला काय ठाऊक? मी झोपलो होतो."

मला कोण जाळणार होतं? आई चार दिवस जेवली नसती, एवढंच.

शैला म्हणाली, "हो, गेले होते. एकटीच. आणि फार सुंदर होतं, आई."

सुंदर होतं, हे तिने मागे घेतलं नाही. आई मरेपर्यंत आल्यागेल्याला सुनेचा हट्ट सांगत राहिली, तरी नाही. मी शेजारी बसून चहा प्यायचो. आपल्या घरात केवढं माणूस राहतंय, या विचाराने आजही मला तिच्यासमोर मान वर करवत नाही.

मुलीचा ओठ शिवला, छान झाला. पण आजीचं ऐकून ऐकून तिलाही वाटतं, आई एकटीच गेली होती.

एकटी नव्हती. हात मी धरला होता.