न थांबणारा ओळंबा

स्पष्टच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सिव्हिल इंजिनियर, पनवेलला नोकरी. आणि ध्यान, अनुभूती, साक्षात्कार म्हटलं की माझं डोकंच फिरतं... कारण त्यापायी माझे बाबा आम्हाला सोडून गेले.

बाबा आर्किटेक्ट होते. मी आठवीत असताना त्यांना 'पोकळी'चं वेड लागलं. भिंत हे नुसतं निमित्त, खरं घर आतल्या रिकाम्या जागेत असतं – असलं काहीबाही वह्याच्या वह्या लिहायचे. मासिकांत छापूनही यायचं. लोक वाहवा करायचे, आणि इकडे आई शिकवण्या घेऊन घर चालवायची. शेवटी श्रीवर्धनजवळ सुपारीच्या वाडीत एकटेच जाऊन राहिले.

गेल्या वर्षी तिथे त्यांनी स्वतःसाठी घर बांधायला काढलं. मला फोन करायचे. मी कट करायचे. बोलायचं तरी काय होतं? जानेवारीत ते वारले... झोपेतच.

महिन्याभराने अर्धवट घराचं काय करायचं ते बघायला मी गेले. काशिनाथ मिस्त्री वाट बघत होते. बाहेरूनच दिसत होतं: जांभ्याच्या भिंती, स्लॅब, आतली दारं, सगळं झालेलं. फक्त पुढच्या दाराला चौकट नाही.

"हे एकच दार का ठेवलंत?"

"काय सांगू ताई... सायबांचा नियम व्हता. ओळंबा हातानं धरून थांबवायचा न्हाय. आपसूक थांबला का मगच चौकट बसवायची. बाकी सगळ्या दारांत थांबला. हितंच न्हाय. दिवाळीपासनं असाच हाय."

दाराच्या माथ्यावरून दोरी सोडलेली, टोकाला चौकट सरळ उभी आहे का ते बघायचं पितळी वजन, ओळंबा. हलत होता... आत-बाहेर, आत-बाहेर. भर दुपार, सुपारीचं पानही हलत नव्हतं. तरी म्हटलं, वारा असेल. मिस्त्रींनी दोन्हीकडून ताडपत्री बांधली. हलतोच! दोरी बदलली, खिळा बदलला. तेच.

"काय पोरखेळ लावलाय!" मी चिडले, ताडपत्री बाजूला केली आणि तणतणत दारातून आत गेले.

ओळंबा थांबला. हळूहळू नाही, एकदम.

मिस्त्रींनी पिशवीतून एक वही काढली. "सायेब म्हनाले व्हते, थांबला का ही ताईला द्या."

मला वाटलं, पुन्हा ती पोकळीच असणार. तर रोजची एकच ओळ. मला ते मनू म्हणायचे.

'आजही हलतोय. मनू आली नाही.'

'फोन लावला. आजही हलतोय.'

पानंच्या पानं तेच... मी मिस्त्रींसमोरच ओक्साबोक्शी रडले. एवढा राग होता ना माझ्या मनात, त्याचं काय करायचं तेच कळेना.

चौकट त्याच दिवशी बसली. ऑफिसातले म्हणतात, उन्हाने तापलेली हवा, नाहीतर रस्त्यावरच्या डंपरचा हादरा. असेलही. पण मग मी आत गेल्यावर तो का थांबला? नंतर तिथे मी कितीदा तरी ओळंबा सोडून बघितला, कुठल्याही ओळंब्यासारखा गुपचूप स्थिरावतो.

एवढंच माहीत आहे, की पनवेलहून श्रीवर्धनला रोज एसटी जाते. दिवाळीतही जात होती.