जमादारांची कंबर आणि सहावा होल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आरागिरणीत भुसा साचतो तसे ते साचतात. लाकूड कापणं हे खरं काम, भुसा आपोआप पायाशी येतो. चार वर्षांनी मागे वळून पाहावं तर लाकडं कधीच गेलेली असतात आणि भुसा तेवढा उरलेला असतो!

परवा नागपूरला पुतण्याकडे गेलो होतो. पठ्ठ्या गोल्फ शिकतोय. मला म्हणाला, "काका, कोच म्हणतो हात विसरा, बॉडी रोटेट करा. कंबर फिरली की बॉल आपोआप जातो."

मी म्हटलं, "बाबा रे, एवढं शिकायला आमच्या जमादारांना आख्खा उन्हाळा पाणी भरावं लागलं होतं!"

त्याला वाटलं, म्हातारा भरकटला. म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. आलापल्लीच्या अलीकडे सागवानाच्या एका डेपोत मी स्टोअरकीपर होतो. स्वातंत्र्य आलं, इंग्रज साहेब विलायतेला गेला आणि मागे एक चामड्याची पिशवी, सात स्टिका आणि नऊ होलांचं गोल्फचं मैदान सोडून गेला. मैदान म्हणजे काय, लाकडाच्या थप्प्यांमागची मोकळी पट्टी! गवत उन्हाळ्यात जळून जायचं. होलाभोवती वाळूत जळकं तेल कालवून गोल जागा सारवलेली असायची आणि होल म्हणजे मातीत पुरलेला पत्र्याचा डबा. साहेब गेल्यावर वर्षभर तिथे बकऱ्या चरल्या. मग एका संध्याकाळी आम्ही चौघांनी त्या स्टिका बाहेर काढल्या.

चौघं म्हणजे डेपोच्या दवाखान्याचे डॉक्टर कोतपल्लीवार, सुतारकाम करणारे हुसेनभाई, मी आणि नानाभाऊ जमादार. या सगळ्या किस्स्यांचे धनी नानाभाऊच.

* * *

नानाभाऊंचं काम लाकडावर मार्का मारायचं. हातात सरकारी हातोडा, समोर ओंडका. पाय रोवायचे, हात वर न्यायचे आणि दाणकन खाली! कंबर हलवायचं कारणच नाही. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस दुसरं काय करणार?

गोल्फची स्टिकही त्यांनी तशीच उचलली आणि तशीच दाणकन खाली आणली. धूळ उडाली. आम्ही सगळे दूरवर पाहत राहिलो. बॉल कुठेच दिसेना. हुसेनभाई थप्प्यांपर्यंत जाऊन आले.

शेवटी डॉक्टर खाली वाकले. बॉल जागेवरच होता, अर्धा जमिनीत रुतलेला. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "नानाभाऊ, मार्का नीट उमटला ना?"

* * *

हसलो आम्ही खूप, पण नानाभाऊ हसले नाहीत. परत येताना माझ्या शेजारी चालत म्हणाले, "साहेबाची हे पिशवी आठ वर्षं माह्या खांद्यावर होती, भाऊ. साहेब रोज सहाव्या होलावरून बॉल नाल्यापार धाडे, अन् मी पाहो. एक डाव स्टिक हातात नाई देल्ली त्यानं. पेन्शनीआधी एक बॉल मले नाल्यापार टाकाचा आहे. एकच."

सहाव्या होलापुढे खरंच एक नाला आडवा होता. फार रुंद नव्हता. डॉक्टरांचा बॉल दहातून चारदा पलीकडे जायचा, माझाही अधूनमधून. नानाभाऊंचा मात्र कधीच नाही. नाल्याच्या काठापर्यंतसुद्धा नाही!

* * *

नवे बॉल मिळणं महाकठीण. म्हणून बॉल हरवला की आमचा जीव खाली-वर व्हायचा. त्यातही चैत्र म्हणजे परीक्षा. मैदानाच्या कडेला मोहाची पाच झाडं होती, खाली पिवळट पांढऱ्या फुलांचा सडा, आणि आमचे जुने बॉलही झिजून त्याच रंगाचे झालेले. एकदा डॉक्टरांचा बॉल त्या सड्यात गेला तो गेलाच.

चार दिवसांनी शेजारच्या पाड्यावरची एक म्हातारी दवाखान्यात आली. ती रोज पहाटे तिथे मोह वेचायची. डॉक्टर नाडी बघायला लागले तर तिने हात सोडवून घेतला, पदराची गाठ सोडली आणि बॉल टेबलावर ठेवला.

म्हणाली, "डाक्टर, मले काई झालं नाई. ह्याले पाहा. सगळ्यात मोठं फूल हेच होतं, पन चार दिवस उन्हात घातलं तरी वाळूनच नाई राह्यलं!"

* * *

नानाभाऊंची कंबर फिरवण्याचं काम आधी डॉक्टरांनी अंगावर घेतलं. त्यांच्याजवळ कुठलंसं इंग्रजी पुस्तक होतं. ते समोर धरून सांगायचे, "हात हे नुसते दोर आहेत, नानाभाऊ. ओढणारं पोट आहे! आधी छाती उजवीकडं वळली पाहिजे, पाठ नाल्याकडं झाली पाहिजे. मग कंबर आधी सुटली पाहिजे अन् हात मागून आले पाहिजेत. शेवटी बेंबीनं नाल्याकडं पाह्यलं पाहिजे."

नानाभाऊंनी मन लावून ऐकलं. मग सदरा वर केला, बेंबीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तं तीस वर्षं झाले, जमिनीकडंच पाहून राह्यली!"

मग हुसेनभाई पुढे आले. तुटलेल्या स्टिकांना तिवसाच्या चिवट लाकडाचे दांडे बसवून तेच त्या चालू ठेवायचे. त्यांनी एक दांडा नानाभाऊंच्या पाठीमागून दोन्ही कोपरांत अडकवला आणि म्हणाले, "आता फिरा." नानाभाऊंनी जोर केला. मान फिरली, डोळे फिरले, दांड्याचं टोक बोटभर हललं.

हुसेनभाईंनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली, कंबरेवर दोनदा टिचकी मारली आणि निकाल दिला, "दरवाजा एक नंबर सागवानी आहे भाऊ, बिजागरीच गंजली!"

* * *

या सगळ्याला सुभद्रावहिनींचा, म्हणजे नानाभाऊंच्या बायकोचा, सक्त विरोध. त्या मैदानावर कधी पाऊल टाकायच्या नाहीत. जेवण वाढलं की कुंपणाजवळ येऊन आमच्यापैकी कोणाला तरी सांगायच्या, "भाऊ, म्हणा त्याइले, भात थंडा होऊन राह्यला." नवऱ्याला हाक मारायची सोयच नव्हती. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेतच नसे, आणि वहिनी तर या बाबतीत फारच कडक.

पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला एक कारकून डेपोत आला होता. पडवीत बसून त्याने विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?"

वहिनी सुपातले तांदूळ पाखडायला लागल्या.

"नाव सांगा बाई, सरकारी काम आहे."

वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कारकून चिडला, म्हणाला, निदान माणूस तरी दाखवा! तेव्हा वहिनींनी मैदानाकडे बोट केलं.

"ते पाहा, ते जमिनीत खड्डे खंदून राह्यले ना? तेच!"

कारकून माझ्याकडे आला तेव्हा मस्टर उघडून मीच नाव सांगितलं. शंकर. खरं सांगतो, मलाही मस्टर बघावं लागलं. आख्ख्या डेपोत त्यांना नानाभाऊशिवाय कोणी काही म्हणतच नव्हतं. पुढे एकदा ते मला म्हणाले होते, "शंकर म्हणनारी एक माय होती. ते गेली अन् ते नावही गेलं." 

* * *

पेन्शनीला तीन महिने उरले असताना लालसूचा शोध लागला. शोध म्हणजे तो तिथेच होता, रोज डोळ्यांसमोर! लालसू हा डेपोचा पाणक्या. नाल्यातून कावडीने पाणी आणून धूळ बसवायचा. दोन डबे काठोकाठ भरलेले, पण वाटेत थेंब सांडलेला कोणी पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी मागून त्याला हाक मारली. लालसूने मान वळवली नाही. पाय, गुडघे, कंबर, छाती, खांदे असा तो आख्खा एका दमात वळला आणि डॉक्टरांसमोर उभा राहिला. डब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

नानाभाऊंच्या हातातली स्टिक खाली पडली. "लालसू, हे कसं केलं तू?"

लालसूला प्रश्नच कळेना. म्हणाला, "कसं म्हंजे? नुसती मान वळवली तं पानी सांडते, जमादार."

दुसऱ्या दिवसापासून नानाभाऊंनी पहाटे घरचं पाणी कावडीने भरायला सुरुवात केली. लालसू मागून चालायचा आणि मनात येईल तेव्हा हाक मारायचा, "जमादार!" की नानाभाऊंनी वळायचं. पहिल्या आठवड्यात घरी पोचायचे ते अर्धे डबे आणि ओलंचिंब धोतर. ज्येष्ठात मात्र एक दिवस असा आला की लालसूने पाच हाका मारल्या आणि नानाभाऊ पाचही वेळा आख्खेच्या आख्खे वळले, पाणी जागच्या जागी! मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी मस्टर तसंच उघडं टाकून पळत हुसेनभाईंना सांगायला गेलो.

वहिनींचा विरोधही त्या उन्हाळ्यात मावळला. शेजारणीला सांगत होत्या, "पंधरा वर्षं म्हटलं, घागरभर पानी आना. नाई आनलं. आता रोज दहा डबे आनते अन् म्हनते, खेळून राह्यलो!"

पण मैदानावर स्टिक हातात आली रे आली की पुन्हा हातोडा! कावडीखाली फिरणारी कंबर बॉल दिसला की थिजायची.

* * *

आणि मग तो शेवटचा दिवस. सामान बैलगाडीवर चढलं होतं. नानाभाऊ मूलजवळच्या गावी जायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, गाडी थांबू द्या, सहावा होल खेळून घ्या. आमच्याकडे तीन बॉल उरले होते. तिन्ही आम्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले.

पहिला मातीत रुतला. दुसरा दहा पावलं घरंगळून झुडपात गेला. नानाभाऊंनी कपाळ पुसलं. कोणी थट्टा केली नाही, हुसेनभाईंनीसुद्धा नाही. मला तर नाल्याकडे बघवेना.

तेवढ्यात वहिनी कुंपणाच्या आत आल्या. हातात वाटेसाठीचा डबा. पहिल्यांदाच त्या मैदानावर आल्या होत्या. त्या नानाभाऊंच्या उजव्या हाताला, जरा मागे उभ्या राहिल्या. शेजारी लालसू भरलेली कावड घेऊन थांबला होता. नानाभाऊंचं लक्ष नव्हतं. पाय रोवलेले, डोळे बॉलवर, हात तसेच हातोड्यासारखे वर निघालेले.

आणि मागून हाक आली, "शंकर!"

नानाभाऊ वळले. मान नाही, पाय, गुडघे, कंबर, छाती, खांदे, आख्खे वळले! पाठ नाल्याकडे झाली, स्टिक खांद्यामागे गेली, आणि तशीच सगळ्या अंगासकट परत फिरली. टक् असा एक स्वच्छ आवाज आला. तसा आवाज आम्ही साहेब गेल्यापासून ऐकला नव्हता. बॉल नाल्यावरून गेला, पलीकडच्या पळसावरून गेला. डॉक्टर नाचायलाच लागले. "गेला, गेला! नानाभाऊ, गेला!"

नानाभाऊंनी तिकडे पाहिलंच नाही. ते पुन्हा वळले होते. स्टिक टाकून वहिनींच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"काय म्हटलं तू?"

"मी? मी कायले काई म्हनू?" वहिनींनी पदर पुढे ओढला. "चला, बैलं खोळंबले."

आम्ही सगळ्यांनी लालसूकडे पाहिलं. त्याची मान वहिनींकडे वळलेली होती, आणि डब्यातून पाणी सांडून त्याच्या पायाखालची माती ओली झाली होती.